किरकोळ रजा आणि वर्ल्ड कप

माझ्या मुलाची भारताच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघात निवड होऊ शकली नाही, याला जबाबदार माझी किरकोळ रजा. इतर कारणंही आहेत. त्याला फुटबॉल फारसा येत नाही, हे त्यातलं एक. पण ती दुय्यम.

डिसेंबर २००५ मधली गोष्ट. सौ.चं सिझेरियन करायचं ठरलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी दोन तारखा पुढे केल्या : शुक्रवार, ३० डिसेंबर किंवा सोमवार, २ जानेवारी. सासूबाईंनी पंचांग उघडलं. मी मनातल्या मनात ऑफिसचं हजेरीपत्रक उघडलं. त्या वर्षाच्या दोन किरकोळ रजा शिल्लक होत्या आणि ३१ तारखेला संध्याकाळी त्या बुडणार होत्या. शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवार आपलाच. सासूबाई म्हणाल्या, सोमवारचं नक्षत्र चांगलं आहे. मी म्हटलं, सोमवारी नवीन वर्षाची रजा खर्ची पडेल. मुलगा ३० तारखेला जन्मला, दोन्ही रजा वसूल झाल्या आणि मी ऑफिसात पेढे वाटताना हा हिशेब सगळ्यांना कौतुकाने सांगितला.

त्या दोन रजांची खरी किंमत मला ऑक्टोबर २०१७ मध्ये समजली. १७ वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात भरला होता. पेपरात नियम छापून आला : १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलंच पात्र. स्पर्धा दर दोन वर्षांनी. म्हणजे २०१९ ला १ जानेवारी २००२, २०२१ ला २००४ आणि २०२३ ला २००६. मी पेन्सिल घेऊन बसलो. १ जानेवारी २००६! आमचे चिरंजीव दोन दिवसांनी बाहेर. सोमवारी जन्मला असता तर २०२३ च्या स्पर्धेत तो जगातल्या थोराड मुलांमध्ये मोडला असता. आता त्याला २०२१ मध्येच, आपल्याहून जवळपास दोन वर्षांनी मोठ्या मुलांशी झगडून जागा मिळवावी लागणार होती.

पुढे करोना आला आणि २०२१ ची ती स्पर्धा रद्दच झाली. म्हणजे अख्ख्या जगाच्या इतिहासात जी एक स्पर्धा माझ्या मुलाच्या जन्मतारखेला धार्जिणी होती, तीच झाली नाही. आता, भारत २०१७ ला खेळला तो यजमान म्हणून, पात्रता फेरीतून नव्हे, आणि २०२३ ला तर आशियाई स्पर्धेतच जपानने आपल्याला ८-४ असं हरवून घरी पाठवलं, हे मला माहीत आहे. (आपण जपानला चार गोल मारले, हे मी सांगतो. आठ खाल्ले, हे सांगायला बाकीचे आहेत.) २०२५ पासून फिफाने ही स्पर्धा दरवर्षी घ्यायला सुरुवात केली, ४८ संघांची, सलग पाच वर्षं कतारमध्ये. सम आणि विषम सालांमधला अन्याय दूर झाला. तोवर चिरंजीव मोटारसायकलचं लायसन काढून मोकळे झाले होते.

सम-विषम गेलं, तरी जानेवारी-डिसेंबर राहिलंच. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि ओठावर मिशीची रेघ. निवड करणाऱ्याला एका सकाळी शंभर पोरं बघायची असतात. त्यात जो धक्का देऊन चेंडू घेतो, तो डोळ्यांत भरतो. युरोपातल्या देशांच्या युवा संघांच्या याद्या काढून बघा, जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची पोरं भरपूर आणि ऑक्टोबरनंतरची शोधावी लागतात. बेल्जियमवाल्यांनी तर यावर उपाय म्हणून उशिरा वाढणाऱ्या पोरांचा वेगळा राष्ट्रीय संघच काढला. हे सगळं मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, ‘भाऊसाहेब, मग तुमचं पोरगं डिसेंबरचं म्हणून मागं पडलं, की मागं पडलं म्हणून तुम्ही डिसेंबर शोधला?’ कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत अभ्यासू माणसाला किंमत नाही.

खरं तर जन्मतारखेबद्दल बोलायचा अधिकार माझ्या पिढीला नाहीच. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचीही १ जून. गुरुजींनी पोराचे दात बघितले, डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागतो का ते बघितलं आणि लिहून टाकलं. त्यामुळे आमच्या काळच्या १६ वर्षांखालील शालेय स्पर्धांत सगळेच कागदोपत्री कोवळे असत. आमचा एक सेंटर हाफ सकाळी स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटून दुपारी मॅचला आलेला मी पाहिला आहे. २००९ पासून फिफा मनगटाचा एमआरआय काढते. मनगटाजवळच्या हाडाची वाढणारी पट्टी पूर्ण बुजली असेल, तर पोरगा सतराच्या वर गेला, घरी जा. आमच्या त्या सेंटर हाफच्या मनगटाला लग्नाचं कंकण होतं. मशीन लागलं नसतं.

तर २०१७. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड कुणी शिकवायला नको. इथे तालमीच्या नावाने संघ निघतात, शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की बंदोबस्त लागतो, आणि ज्याने जन्मात चेंडूला पाय लावला नाही तोही ऑफसाइडवर वाद घालतो. त्यात भारताच्या २१ जणांत आपला अनिकेत जाधव! बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेलं कोल्हापूरचं पोरगं वर्ल्ड कपला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर उतरणार म्हटल्यावर आमच्या गल्लीने कधी नव्हे ते क्रिकेटची मॅच सोडून टीव्ही लावला. मी तर वही घातली. दोनशे पानी, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब, पुढच्या बाजूला भारताच्या प्रत्येक खेळाडूची मिनिटं.

सौ. म्हणाली, ‘त्यांचा कोच हाय की लिहायला. मी सांगतो तुम्हाला, तुम्ही गॅसचा नंबर लावा आधी.’

पण माझा मुद्दा तत्त्वाचा होता. संघात २१ पोरं, त्यांतले तीन गोलकीपर. मैदानात ११. बदली तीन. म्हणजे कितीही उदार प्रशिक्षक आणला, तरी प्रत्येक मॅचला सात पोरं नुसती बसणार. तीन मॅचची एकूण मिनिटं २९७०. भागिले २१. प्रत्येकी १४१ मिनिटं आणि वर काही सेकंद. सरळ त्रैराशिक. मग गोलकीपर धीरज सगळ्या मॅच कसा काय खेळतो? तोही पोरगाच, बाकावरचेही पोरगेच. इतकी वर्षं देशभर हिंडून पोरं गोळा केली, जर्मनीचे निकोलाय अॅडम गेले, पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले, पोरांना युरोपभर फिरवून आणलं, आणि शेवटी बाकावरच बसवायचं? पंगतीला बोलावून वाढप्याने पुढे निघून जावं, तसं झालं हे.

अमेरिकेने आपल्याला ३-० हरवलं. माझी वही बोलू लागली. दुसऱ्या सामन्यात, कोलंबियाविरुद्ध, मातोससाहेबांनी संघात बरेच बदल केले, तेव्हा मी गल्लीत सांगत सुटलो की बघा, त्रैराशिक पटलं. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला आणि जीक्सन सिंगने डोक्याने चेंडू आत घातला. भारताचा कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. आमच्या घरात माझ्या हातातला चहा वहीवर सांडला आणि संजीव स्टॅलिनच्या मिनिटांचा कायमचा लगदा झाला. पुढच्याच क्षणी कोलंबियाच्या पेन्यालोसाने स्वतःचा दुसरा गोल करून मॅच घेतली, ते मी पुसता पुसता ऐकलं.

हा जीक्सन पहिल्या सामन्याच्या सुरुवातीच्या अकरात नव्हता. त्याच्या आधीची कथा तर आणखी मजेशीर. राष्ट्रीय संघ ठरल्यासारखा झाला असताना गोव्यात मिनर्व्हा अकादमीच्या पोरांशी सरावाचा सामना झाला. त्यात निवडलेली पोरं न निवडलेल्या पोरांकडून हरली. मग न निवडलेल्यांतली काही निवडली गेली. त्यात हा मणिपूरचा जीक्सन. म्हणजे आधी देशभर हिंडून ज्यांनी पोरं निवडली, त्यांच्या यादीत भारताचा एकुलता एक गोल नव्हताच. हे वाचल्यावर मला निवड समितीबद्दल राग यायला हवा होता. उलट धीर आला. चुकणारी समिती म्हणजे आशा. बरोबर निवडणारी समिती असती, तर माझ्या मुलाला संधीच नव्हती.

तिसऱ्या सामन्यात घानाने ४-० केलं आणि वही बंद झाली. धीरजची २७० मिनिटं. बाकी दोन गोलकीपरांच्या नावापुढे भोपळे. त्यांतला एक प्रभसुखन गिल. मी त्या नावाखाली लाल शाईने लिहिलं होतं : ‘वाया.’ पुढे २०२१-२२ च्या आयएसएलमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळताना सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह याच पोराने नेला. ती वही अजून माळ्यावर आहे. सौ.ला ते पान पाठ आहे.

मला एवढं मान्य करायला हवं, की माझं म्हणणं फुटबॉल महासंघालाही थोडंफार पटलं होतं. वर्ल्ड कपनंतर या पोरांना मोठ्या क्लबांत बाकावर कुजवण्यापेक्षा ‘इंडियन अॅरोज’ नावाचा त्यांचाच संघ करून आय-लीगमध्ये उतरवला. खेळा आणि हरा, पण खेळा. पहिल्याच मॅचला त्यांनी चेन्नई सिटीला ३-० झोपवलं, त्यात दोन गोल आपल्या अनिकेतचे. मोसमाच्या शेवटी संघ तळाला होता. पण मिनिटं! मिनिटं भरपूर मिळाली. मी कट्ट्यावर रोज हेच बोलू लागलो. अगदी तालमीच्या सीनियर संघाच्या प्रॅक्टिसला जाऊनही बोलू लागलो.

तालमीचे वस्ताद बरेच दिवस ऐकत होते. एक दिवस म्हणाले, ‘भाऊसाहेब, तुम्ही लई बोलता. मे महिन्यात तेरा वर्षांखालच्यांची स्पर्धा हाय. बारक्या पोरांची टीम तुमच्याकडं.’

‘माझ्याकडे? म्हणजे कोच?’

‘कोच न्हवं. मॅनेजर. पोरं शिकल्यात आपली आपण. तुम्ही फक्त आत-बाहेर करायचं.’

फक्त आत-बाहेर! ज्या कामात मातोससाहेबांचे केस पिकले, ते वस्तादांनी मला तंबाखू मळता मळता दिलं.

मी झटून कामाला लागलो. पोरं १६, त्यांतला गोलकीपर एकच. दिल्लीला तीन होते, पण आमच्याकडे दुसऱ्या कुणाची आई मुलाला तिथे उभं करायला तयार नव्हती. राहिले १५. संघ नऊ-नऊ जणांचा, म्हणजे गोलकीपर सोडून जागा आठ. मॅच वीस-वीस मिनिटांची. चाळीस गुणिले आठ, भागिले पंधरा : प्रत्येकी २१ मिनिटं २० सेकंद. आणि इथे मला जो शोध लागला, त्याने माझी झोप उडाली. दर २ मिनिटं ४० सेकंदांनी एक पोरगा बाहेर आणि एक आत केला, की मॅच संपेपर्यंत पंधराच्या पंधरा पोरांना अगदी सेकंदापर्यंत समान वेळ मिळतो. बाकी शून्य! नियमही सोयीचे होते, बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत पाठवता येत होता. मी ऑफिसातल्या संगणकावर तक्ता केला, रंगीत प्रिंट काढली, प्लॅस्टिक चढवलं. पालकांना प्रती वाटल्या. आपल्या पोराला वशिला लावला असं कुणी म्हणू नये, म्हणून चिरंजीवांचा नंबर पंधरावा. त्यांनी १८ मिनिटं ४० सेकंद झाल्यावर उतरायचं आणि मॅच संपेपर्यंत खेळायचं. सौ.ने तक्ता बघितला आणि विचारलं, ‘आणि गोल कधी मारायचा, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?’

मॅच सुरू झाली. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. २ मिनिटं ४० सेकंद झाले. चेंडू आमच्या पायात, पोरं झकास पुढे निघालेली. बदली करायची तर चेंडू थांबायला हवा आणि पंचांनी हात करायला हवा. फुटबॉलमध्ये चेंडू तक्ता बघून थांबत नाही, हे माझ्या हिशेबात धरायचं राहिलं होतं. चेंडू बाहेर गेला तेव्हा चार मिनिटं उलटून गेली होती. मी एक नंबरला हाक मारली. तो म्हणाला, ‘काका, अजून घाम पण आला नाही.’ मी तक्ता दाखवला. त्याने आपल्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी, ज्यांनी आदल्या दिवशी समान संधीबद्दल माझी पाठ थोपटली होती, मान हलवली. ‘खेळ, खेळ!’

उशीर भरून काढायला मी दोन-दोन पोरं एकदम आत सोडू लागलो. आत जाणारी पोरं धावत जात, बाहेर येणारी रेंगाळत येत. एका क्षणी आमचे मैदानात अकरा जण होते. मला संघ फारच छान खेळतोय असं वाटलं. पलीकडच्या मॅनेजरने बोटं मोजत ओरडा केला. पंचांनी खेळ थांबवला आणि माझ्यापाशी आले. ‘भाऊसाहेब, ऑफिसात किती हजेरी भरायची ते तुमचं तुम्ही बघा, हितं नऊ.’ मी घाईघाईने चौघांना बाहेर काढलं. मग दोघांना आत पाठवायचं तर तक्त्याप्रमाणे नऊ आणि दहा नंबरचा हक्क. नऊ आणि दहा नंबर गेटबाहेर बर्फाचा गोळा खायला गेले होते. ते जिभा लाल करून परत येईपर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते. गोलकीपरची आई माझ्याकडे बघत होती. तक्त्यात तिच्या मुलाचा रकानाच नव्हता.

आणि मग आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू ठेवून मागे सरला. मी घड्याळ बघितलं. त्याचे २१ मिनिटं २० सेकंद व्हायला अजून बराच अवकाश होता, पण उशिरांची भरपाई, अकराचे नऊ, गोळेवाल्यांची तूट असं सगळं वजा करता माझ्या आकडेमोडीप्रमाणे त्याची पाळी संपलेली होती. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी त्याला बाहेर बोलावलं. स्टँडमधून जो आवाज झाला, तो मी शाहू स्टेडियमवर फायनलला ऐकला आहे, पण तेव्हा तो पंचांसाठी होता. त्याच्या जागी गेलेल्या पोराने पेनल्टी मारली. चेंडू कॉर्नरच्या झेंड्याच्या दिशेने गेला आणि तिथेही जरा बाहेरूनच गेला.

वस्ताद उठले. माझ्या हातातला तक्ता घेतला, बाकावर ठेवला आणि त्यावर बसले. ‘आता आत हाईत ती आत. बाहेर हाईत ती बाहेर,’ ते म्हणाले. घड्याळात १८ मिनिटं झाली होती.

चिरंजीवांची पाळी चाळीस सेकंदांवर आली होती. मी त्यांना शोधलं, तर ते समोरच्या संघाच्या बाकावर बसून लिंबू सरबत पीत होते. त्यांच्या मॅनेजरने सगळ्यांसाठी थर्मास भरून आणला होता. आमच्याकडे तक्ता होता. मी खुणेने सांगितलं की बेत रद्द झाला. त्यांनी अंगठा दाखवला आणि बुटाच्या नाड्या सोडल्या. निवड आणि नकार इतक्या शांतपणे घेणारा खेळाडू मी राष्ट्रीय पातळीवरही पाहिलेला नाही. आम्ही ३-१ हरलो. आमचा एक गोल वस्ताद तक्त्यावर बसल्यानंतर झाला, आणि हा योगायोग आजही माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालक तालमीत जमले. प्रत्येकाने आपापल्या पोराची मिनिटं मोजून आणली होती. कुणी मोबाइलवर, कुणी मनगटावरच्या घड्याळात. एका आजीने नातवाची मिनिटं जपमाळेवर धरली होती आणि त्यात मधल्या सुट्टीचे मणी वजा केले होते. सर्वांचे आकडे मी सवयीने बेरीज करत गेलो. पालकांचं सगळं खरं धरलं, तर आमचा संघ पूर्ण मॅचभर मैदानात साधारण चारच जण घेऊन खेळला होता. मी हे सांगितलं. त्यावर ‘तेच तर म्हणतोय आम्ही,’ असं उत्तर आलं. आदल्या दिवशी समान संधीसाठी टाळ्या वाजवणारे सगळे आज एका बाबतीत एकमताचे होते : समान संधी हवीच, पण आमच्यापासून सुरुवात करून.

शेवटी ठरलं, की मॅनेजर बदलावा असा लेखी अर्ज तालमीच्या कमिटीला द्यायचा. कागद आला, पेन आलं. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. तालमीचा प्रत्येक अर्ज, मंडपाच्या परवान्यापासून पाण्याच्या टँकरपर्यंत, इतकी वर्षं मीच लिहीत आलो आहे. वस्तादांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. ‘लिवा भाऊसाहेब. तुमच्या हातचा अर्ज कधी परत आला न्हाई.’

मी लिहिला. विषय : तेरा वर्षांखालील संघाचे व्यवस्थापक यांना पदावरून कार्यमुक्त करणेबाबत. संदर्भ : कालचा सामना. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सदर व्यवस्थापकांच्या हेकेखोर कार्यपद्धतीमुळे... ‘हेकेखोर’ शब्द त्यांना सुचत नव्हता, तो मी दिला. पेनल्टीचा मुद्दा त्यांनी शेवटी घातला होता, तो वजनदार म्हणून मी वर घेतला. गोलकीपरच्या आईचं म्हणणं स्वतंत्र परिच्छेदात मांडलं. खाली सह्या झाल्या. पहिली सही सौ.ची, कारण तिच्या मुलाला एक सेकंदही मिळाला नव्हता आणि मुद्दा बिनतोड होता. अर्ज वाचून दाखवला तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या. मी फक्त एक दुरुस्ती सुचवली. त्यांनी ‘प्रत्येकी एकवीस मिनिटांचे आश्वासन देऊन’ असं म्हटलं होतं. मी पुढे ‘वीस सेकंद’ घातलं, आवक क्रमांक टाकला आणि कमिटीचा चिटणीस या नात्याने अर्ज स्वीकारला.